पवनारची पांदण

आमच्या गावाहून पवनारला जाणारी एक जुनी पांदण होती, म्हणजे शेतांमधली गाडीवाट. डांबरी रस्ता झाला, एसटी सुरू झाली आणि पांदणीत बाभळी माजल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावातल्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरनं रोज सकाळी एकट्यानं त्या तोडायला सुरुवात केली, आणि माझ्या आईला चैन पडेना.

"फुकट कोणी काटे तोडते का?" ती म्हणायची. शहराला लागलेल्या पिपरी मेघेकडे लेआउट पडत चालले होते, म्हणजे शेतं मोडून घरांचे प्लॉट. हा माणूस प्लॉटवाल्यांना वाट करून देतोय, असं तिनं धरलं. गावालाही ते पटलं.

एक दिवस मला सोबत घेऊन ती थेट पांदणीत गेली.

"काऊन साफ करून राह्यले, भाऊ?"

"मोठी बहीण पवनारले हाय माही," कुऱ्हाड टेकवत तो म्हणाला. "गुडघे गेले तिचे. एसटीत चढता येत नाई. बैलगाडीनं यायचं म्हणते, पण डांबरीवर ट्रकचा भेव वाटते तिले."

त्याच आठवड्यात आम्ही पवनारला उतरलो. आईनं चौकशी केली. बहीण होती, गुडघेही खरंच गेलेले.

"असंल," परतताना आई म्हणाली, "पण तेवढंच कारण कशावरून?"

तोडणी आमच्या शेतापाशी आली तेव्हा मला तिची खरी धास्ती कळली. आमचा धुरा, म्हणजे बांध, आजोबांच्या काळापासून पांदणीत सरकत आला होता. अर्ध्या वाटेवर आमची तूर उभी होती. हा आता तहसीलात जाईल, चारचौघांत बोलेल, म्हणून आई रोज धुऱ्यावर जाऊन बसायची. त्यानं एकदाच विचारलं, "तूर कधी निघते, वहिनी?" आणि आमचं शेत सोडून पलीकडून तोडायला लागला.

तूर निघाली तशी आईनं बाबांनाही न विचारता नांगर घालून धुरा मागे घेतला.

उन्हाळ्यात बहिणीची बैलगाडी आली. आईनं ती थांबवून तिला पाणी दिलं, आणि लगेच विचारलं, "भावाच्या वावरात तुमचा हिस्सा हाय का?" म्हातारी पदर तोंडाला लावून हसत सुटली.

पुढे काही वर्षांनी लेआउट आमच्याकडेही आलेच, त्याच वाटेनं. बऱ्याच जणांनी जमिनी दिल्या. ड्रायव्हरनं दिली नाही.

"भाव चढायची वाट पाहून राह्यला," आई म्हणाली.