न चाखलेला मासा

व्हिएतनाममधल्या होइ आनला नदीकाठच्या आपल्या घरात सुओंग परदेशी पाहुण्यांना स्वयंपाक शिकवते. तिचा एकच मंत्र, "चाखा! मला काय विचारता, जिभेला विचारा." मी शेजारीण, तिला पालेभाजी पुरवते. हे ओरडणं मला पाठ झालंय.

सासूच्या श्राद्धाच्या दिवशीही तिने क्लास ठेवलाच. "न चाखता कसं रांधतात, तेही शिकू देत," म्हणाली. पितरांच्या आधी चमचा तोंडात घालायचा नाही, हे तिने पाहुण्यांना पुन्हा पुन्हा बजावलं.

मला हे धाडस पटलं नव्हतं. नवरा गेल्यापासून तिच्या दा नांग शहरातल्या नणंदेचा धोशा चालला होता, "घराची खानावळ केलीस. आईचा फोटो आणि श्राद्ध मी माझ्याकडे नेते." आज ती त्याच तयारीने येणार होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं सुओंगनेच केलेलं. फोटो गेला तर या घरात तिचं म्हणून कोण उरणार होतं?

हळद-मिरी लावलेला बांगडा फिश सॉसमध्ये रटरटत होता. तेवढ्यात एका जाडजूड जर्मन पाहुण्याने सवयीने मडक्यात चमचा बुडवला आणि सरळ तोंडात घातला!

"गप्प बस," मी सुओंगच्या कानाशी लागले. "कोणाला कळणार आहे?"

तिने मडकं उतरवून पाहुण्यांपुढे ठेवलं, "हे तुमचं जेवण." आणि दुसरे मासे साफ करायला घेतले. बाई माझ्यासारखी भित्री नाही, हे मला मान्यच करावं लागलं.

नणंदबाई आल्या त्या तोंडाचा पट्टा सुरू करूनच. "अजून नैवेद्य नाही? आधी गिऱ्हाईक, मग आई, असंच ना?"

"पहिलं मडकं उष्टं झालं, वन्सं. दुसरं करतेय."

जर्मन बिचारा लालबुंद होऊन स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत उभा राहिला. नणंदबाईंनी काठोकाठ भरलेलं ते मडकं पाहिलं.

"एक चमचाच तर गेला. वाढायचं तसंच. मला कुठे कळलं असतं?"

"तुम्हाला नसतंच कळलं. पण जेवायला आधी आई बसणार ना!"

नणंदबाई बाह्या सारून खाली बसल्या. "आण ती सुरी. मासे मी कापते, मीठमसाला तू घाल. तुझा हात बसलाय."

नैवेद्य झाला. उदबत्ती लावताना नणंदबाईंचे डोळे भरून आले. "आई," त्या फोटोला म्हणाल्या, "तू इथेच जेव. मीच येत जाईन."