आईच्या गालातला तुकडा

पेशी एकमेकींना धरून कशा राहतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यांना बांधून ठेवणारी प्रथिनं कमी पडली की कॅन्सरची पेशी सुटी होते आणि शरीरात दुसरीकडे जाऊन ठाण मांडते. हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं हेच बघत होते. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात हे कुणाला सांगणार? आईला मात्र एकदा सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे धानाचे पऱ्हे उपडून दुसऱ्या बांधीत रोवतो, तसंच ना?" इतकं नेमकं मला माझ्या प्रबंधातही लिहिता आलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी तिच्याच गालात आतून जखम झाली. तंबाखूची गोळी ती जिथे दाबून ठेवायची, नेमकी तिथे. गोंदियाच्या डॉक्टरांनी छोटा तुकडा काढला आणि तपासणीसाठी नागपूरला न्यायला भावाच्या हातात बाटली दिली. बाटलीत फॉर्मलिन होतं, म्हणजे मांस जसंच्या तसं टिकवणारं औषध. भावाने मला फोन केला, नीट नेतो ना, एवढंच विचारायला.

मी त्याला ते औषध फेकून द्यायला सांगितलं. सलाईनमध्ये तुकडा घाल, थर्मासात बर्फ भर, दोन तासांचा तर प्रवास आहे, म्हणाले. फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात आणि मला त्या जिवंत हव्या होत्या. नागपूरच्या लॅबने आपल्यापुरतं घेतलं की उरलेलं मी दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाणार होते. स्वतःच्या आईच्या गालाचा तुकडा मला माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा होता. दीडशहाणेपणा म्हणा, हाव म्हणा, दोन्ही खरं आहे.

जूनचा उकाडा. गाडी वाटेत चार-पाच तास अडकली. भाऊ पोचला तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं आणि लॅबला कुलूप होतं. त्याने तुकडा सकाळी दिला. आठवड्याने अहवाल आला: नमुना सडलेला, निदान शक्य नाही, पुन्हा पाठवा.

मी तेव्हा गावी आलेली होते. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं होतो, बाबा, भाऊ आणि मी. डॉक्टर चिडले, बाटलीतलं औषध कुणी फेकलं म्हणून विचारू लागले. भावाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मीच फेकलो जी," तो म्हणाला. "लय वास मारत होता."

बाबांनी डॉक्टरांसमोरच त्याच्या थोबाडीत मारली.

आईने पुन्हा कापून घ्यायला साफ नकार दिला. एकदा कापून काय निघालं, आता रोवणी होऊ दे, मग पाहू, असं तिचं म्हणणं. मी विनवलं, रडले, भांडले. ती चिखलात वाकून रोवत राहिली आणि मी बांधावर उभी राहून दिवस मोजत राहिले. त्या दिवसांत तिच्या गालात काय चाललं असेल हे त्या गावात मला एकटीला माहीत होतं. रोवणी संपली तेव्हा तिच्या मानेत सुपारीएवढी गाठ हाताला लागत होती. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

तिच्या स्मरणार्थ झालेल्या पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाल्यावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. घरात शिकलेली मीच. मी आजार समजावून सांगितला, तंबाखू सोडा म्हणाले. पोरीने किती सोपं करून सांगितलं, असं लोक म्हणाले. तेव्हा भाऊ मागे पंगतीच्या पत्रावळी मांडत होता.

नंतर विहिरीजवळ त्याला गाठून म्हटलं, मी आज बाबांना सगळं सांगते. त्याने हातातली बादली खाली ठेवली.

"कायले? आई वापस येनार हाय का? बाबाची एकच पोरगी शिकली. तेवढं तरी राहू दे त्याईले."

त्याचं ऐकणं मला सोयीचं होतं, म्हणून मी ऐकलं.

बाबा आता थकलेत. रोज मला फोन करतात, संशोधन कुठवर आलं विचारतात. भाऊ त्याच घरात असतो, त्यांना जेवायला वाढतो, त्यांचे पाय चेपतो. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत.