नवव्या माळ्याचं गाऱ्हाणं

बिल्डिंगीत कुणाची नवी रिक्षा आली, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, की काशीरामाला बोलावणं जातं. नारळ हातात धरायचा, मान वर करायची आणि देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालायचं. प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून हाळी द्यायची. आमच्या तळकोकणातली रीत. एरवी काशीरामाचं तोंड फाटकं. गिरणी बुडवणाऱ्यांपासून पाणी सोडणाऱ्यापर्यंत कुणी सुटत नाही. पण त्याचं गाऱ्हाणं देवाला पोचतं. राग खरा असला की पोचणारच.

सध्याचा राग लिफ्टचा.

आपल्या आणि परक्या, अशा दोन सरकारांनी हातात हात घेऊन फोटो काढले आणि घाटकोपरातल्या आमच्या बिल्डिंगीच्या गच्चीवर सोलरची पॅनलं बसली. लिफ्ट उन्हावर चालणार! कागदावर निव्वळ ऊन दिसायला हवं म्हणून लिफ्टची जुनी लाईन कापून टाकली. पुढच्याच पावसाळ्यात गच्चीवरचा इन्व्हर्टर जळला. आमचे म्हणाले, नवा त्यांच्याकडून यायचा. ते म्हणाले, देखभाल तुमची. मग जुनी लाईन तरी जोडा म्हटलं, तर करार बदलतो म्हणे, दोन्हीकडच्या सह्या लागतात.

"लगीन केल्यानी दोघांनी," काशीराम म्हणायचा, "आणि पोर टाकल्यानी आमच्या दारात."

त्यातच त्याच्या बायकोचा, वनमालेचा, खुबा मोडला. ऑपरेशननंतर चौघांनी खुर्चीत घालून नवव्या माळ्यावर चढवली, ती वरच राहिली. दारापर्यंत चालते, जिना झेपत नाही. कोळणीशी हुज्जत घालण्यात जिचा जन्म गेला, तिला आता नवऱ्याने आणलेली मासळी मुकाट बघावी लागते. मुकाट कसली! कल्ले उघडून म्हणते, "ह्या बांगड्याक तुमच्या आदी पेन्शन लागली आसतली." आणि मग हळू आवाजात, "माका एकदा खाली न्हेवा. मेल्यावर न्हेशात, ता ठावक आसा. त्याच्या आदी."

अशात परदेशी मंडळी येणार असल्याचा निरोप आला. यशस्वी झालेला प्रकल्प बघायला! प्रकल्पाचा साहेब निहार सकाळीच मुलुंडहून हजर. त्याने पॅनलं धुऊन घेतली. मागच्या अंगाला गणपतीच्या जुन्या बॅनरआड डिझेलचा जनरेटर ठेवला, त्याची वायर लिफ्टीला जोडली आणि बटणाशी आमच्याच जयवंत वायरमनला बसवला. लिफ्ट चालू झाली, पण पाहुण्यांसाठी खालीच धरून ठेवली.

काशीराम जिन्याने धावत वर गेला. वनमाला ठेवणीतलं पातळ नेसून पिशवी घेऊन दारात उभी राहिली. तो लिफ्ट वर न्यायला परत खाली आला, तर निहार लिफ्टीपुढे आडवा.

"काका, आत्ता नको ना. मध्येच अडकली तर माझी वाट लागेल."

"आणि पावणे गेल्यावर?"

"बघू ना. तुम्ही ते पारंपरिक काहीतरी म्हणता ना, ते म्हणा. त्यांना आवडतं."

पाहुणे गेले की जनरेटरही जाणार, हे काशीरामाला कुणी सांगायला नको होतं. त्याने नारळ उचलला.

पाहुण्यांची म्होरकी एक उंच गोरी बाई होती. तिने हात जोडले, बाकीच्यांनी मोबाईल वर धरले. काशीरामाने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! दोन राज्यांनी मिळान आमची लिफ्ट उन्हाक बांधली, आणि ऊन आसून ती मेली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बिल्डिंग घुमली.

"काय म्हणतायत?" बाईने इंग्रजीत विचारलं.

"आशीर्वाद देतायत," निहार म्हणाला.

"आज लिफ्ट पळता ती डिझेलार पळता! ह्या बॅनराआड जो चोर धूर सोडता, तेचो गळो धर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर माझी बायल पिशी घेवन उभी आसा. तिका जो आडवता, तेका नव माळे पायान चढव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी जयवंतही ओरडला, आणि त्याने बटण बंद केलं.

मागची घरघर थांबली. लिफ्टीतला दिवा विझला. बाईने बॅनरकडे पाहिलं, मग निहारकडे. डिझेलचा वास कुठल्याही भाषेत कळतो.

गच्चीवरची पॅनलं स्वतः बघायला बाई जिन्याकडे वळली. मग सगळेच चढले, निहार सगळ्यात मागून. नवव्या माळ्यावर वनमाला दाराच्या चौकटीला धरून उभीच होती.

"इलात? दम लागलो?" तिने निहारला विचारलं. "मी ह्या जिन्याक वरसून बघतंय. तुमी आज बगितलात. आता सांग ह्या बायेक, खाली गाऱ्हाणा कसला होता ता."

निहारने सांगितलं. खरं सांगितलं. बाई लाल झाली, फोन काढून कुणाशी तरी तावातावाने बोलू लागली. काशीरामाला त्यातलं काही नको होतं. त्याने जिन्यातून खाली आवाज टाकला, "जयवंता, चालू कर रे!"

पाहुणे पायांनी उतरले. वनमाला लिफ्टीतून उतरली, डिझेलावर. पिशवी सावरत, काठी टेकत, शेजारणीच्या हाताला धरून बाजाराकडे निघाली.

थोड्या वेळाने जनरेटर न्यायला टेम्पो आला. काशीराम त्याच जनरेटरवर नारळ मांडीत घेऊन बसला होता.

"काका, उठा ना. साहेबांनी मशीन परत मागवलंय," टेम्पोवाला म्हणाला.

"बायल परत वर जायपर्यंत ह्या मशीन हलाचा नाय."

"कधी येतील काकी?"

"कोळणीकडे गेली हा," काशीराम म्हणाला. "वेळ लागतलो. दोगींचा पटाक व्हया."