देवीला परवानगी

बाबा राजदूत म्हणून निवृत्त झाले आणि ऐंशीच्या दशकात आम्ही नेरूळला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सरकारने पाठवलं तिथे जन्मभर संसार मांडलेला, त्यामुळे आपलं म्हणावं असं ठिकाण त्यांना नव्हतंच. हे त्यांना खूप लागायचं, पण बोलून दाखवायचे नाहीत. त्याऐवजी भाजीवाल्याशी तहाची बोलणी करायचे. सोसायटीने त्यांना अध्यक्ष केलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद आईला झाला.

पहिल्याच वर्षी भांडण उभं राहिलं. शेजारच्या जुन्या आगरी गावाच्या देवीची पालखी जत्रेला शेतातल्या तिच्या ठाण्यावर जायची. शेतं सरकारी भूसंपादनात गेली, त्यावर आमच्या इमारती झाल्या आणि ठाण्याचा शेंदरी दगड आमच्या कुंपणाच्या आत आला. आमच्या सेक्रेटरींना ढोल नको, गुलाल नको, गर्दी तर नकोच नको. गावाकडून निरोप आला, फाटक बंद दिसलं तर पुढचं आम्ही बघू.

बाबा खुललेच. घरोघरी बसून त्यांनी सभासदांची मनं वळवली, रीतसर परवानगी मंजूर करून घेतली आणि ती सांगायला गावच्या सर्वांत वयस्क पंचांना चहाला बोलावलं. पंच आले, खुर्चीच्या कडेवर टेकले, सगळं ऐकून घेतलं. चहाला मात्र हात लावला नाही.

"देवी तिच्या घरी येते," ते म्हणाले. "तिला परवानगी देनारं तुमी कोन?"

आणि निघून गेले. सेक्रेटरी म्हणाले, बघा, चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत. बाबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला त्या पंचांचा रागच आला होता. तिसऱ्या दिवशी पोहे खाता खाता बाबा आईला म्हणाले, "परवानगी वरचा खालच्याला देतो. कोण कुणाला घ्यायला विमानतळावर जातं, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि इथे घरच्या देवीपुढे चुकलो."

त्याच सकाळी खण-नारळ घेऊन दोघं गावात गेले. बाबांनी पंचांना सांगितलं, आम्ही तिच्या जागेत राहतो, तेव्हा तिला न्यायला आम्हीच येतो, चालेल का? पंचांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि या दोघांबरोबर बसून स्वतःही प्यायले.

जत्रेच्या दिवशी आम्ही दहा-बारा घरांतली माणसं पालखी आणायला गेलो. सेक्रेटरीही आले, नवा सदरा घालून, कोरडे राहायच्या बेताने. वेशीपर्यंत ते नखशिखांत गुलालात न्हाले. गावच्या घराण्यांखेरीज पालखीला कुणी खांदा देत नाही, म्हणून आम्ही मागे चालत होतो. आमच्या फाटकाशी पालखी थांबली. पंच मागे आले आणि त्यांनी बाबांचं मनगट धरलं.

"ये, खांदा दे. आता तू गावचा हाय."

आजी गेल्यापासून बाबांना कुणी तू म्हटलं नव्हतं. एकेक शब्द तोलून बोलणारे माझे बाबा नुसतं "हो" म्हणाले आणि दांडीखाली शिरले. उंचीमुळे त्यांना गुडघ्यांत वाकून चालावं लागत होतं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, आणि त्यांना ते पुसायचंही नव्हतं.