वीराच्या खांद्यावर काय आहे

आमच्या घराण्यातला एक पुरुष अकाली गेला. कधी, कशाने, कुणाला नक्की माहीत नाही. त्याचा चांदीचा टाक, म्हणजे छोट्या पत्र्यावर ठोकून उठवलेली आकृती, नाशिकला थोरल्या काकांच्या देवघरात असतो. धुळवडीच्या संध्याकाळी तिथे घरोघरचे असे वीर लाल फडक्यात नारळाबरोबर धरून, हलगीवर नाचवत गोदावरीवर अंघोळीला नेतात. माझ्या वडिलांना तो एकदाही हातात धरायला मिळाला नाही. त्यांनी सिल्वासाला सुताच्या कारखान्यात नोकरी धरली आणि काकांनी नियम काढला: घर सोडून गेलेल्याच्या हातात वीर द्यायचा नाही. तरीही वडील दर वर्षी जायचे, मिरवणुकीच्या मागून चालायचे, परत यायचे. ते वारले. नियम राहिला.

मी कारखान्यांतलं टाकाऊ सूत घेतो आणि विकतो. सायकलवर सुरुवात केली, आता सिल्वासातच, डोकमर्डीत, स्वतःचं घर आहे. भाव पाडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, आवाज चढवण्यातही नाही. यंदा ठरवलं, वीर मी नेणार.

मुलगी बरोबर आली. ती चित्रकला शिकते, आणि आपलं घराणं कुठून कुठे गेलं याची चित्रं काढायला तिने घेतली आहेत. खानवेल, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक. तिचे आजोबा याच रस्त्याने उलटे आले म्हणून तिने प्रत्येक घाटात गाडी थांबवायला लावली. घाटात काही नव्हतं. तिने ते काढलं.

काका दारातच होते. “या सिल्वासावाले! तिकडची स्वस्तातली बाटली आणलीत की नुसतेच आलात?”

मी पाया पडलो. “यंदा वीर मी नेतो, काका.”

“तुझा बाप बोचकं खांद्यावर टाकून निघाला तेव्हाच ते संपलं.”

“नवा टाक करून देतो. याच्या दुप्पट वजनाचा.”

“देव वजनावर घेतोस का रे, भंगारवाल्या?”

मी भंगारवाला नाही, सूतवाला आहे. हे मी अशा आवाजात सांगितलं की शेजारचे बाहेर आले.

आत काकूने टाक रांगोळीने घासून पाटावर ठेवला होता. इतक्या सुनांनी घासून वीर गुळगुळीत झाला आहे. नाक नाही, डोळे नाहीत. काका सांगतात, खांद्यावर तलवार आहे, लढाईत पडला. सगळ्या गल्लीला हे पाठ आहे. मुलीने काकूला विचारून त्यावर पातळ कागद ठेवला आणि पोरं नाण्यावर घासतात तशी पेन्सिल आडवी घासली. कागदावर माणूस उठला. खांद्यावर काठी. काठीच्या टोकाला बोचकं.

“मला तर लग्न झाल्यापासून बोचकंच वाटायचं,” काकू म्हणाली.

काकांनी कागद हातात घेतला. चष्मा लावला, काढला, परत लावला. “शेल्याची गाठ असेल.”

“तलवारीच्या टोकाला?” मुलगी म्हणाली. “पाय बघा ना, मोठे आजोबा. तो कुठेतरी चाललाय.”

म्हणजे घर सोडणारा पहिला माझा बाप नव्हता. ज्याच्या नावाने नियम चालला, तोच बोचकं घेऊन निघालेला. हे काकांच्या तोंडावर, चार लोकांत ऐकवायची याहून चांगली वेळ मिळाली नसती. बाहेर हलगी वाजायला लागली होती आणि गल्ली दारात उभी होती. मी तोंड उघडलं. काकांनी कागदाची घडी घातली आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. समोरच्याला माल हवाच आहे हे कळलं की मी ओरडत नाही.

“तलवारच आहे, काका,” मी म्हणालो. “मला स्पष्ट दिसतेय. आणि वीर मी नेतो.”

काकांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“नीट धर,” ते म्हणाले. “आणि वाटेत कुणाशी बोलू नकोस.”

मुलीने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. “पप्पा, हे खोटं आहे.”

“मग खरं तू काढ,” मी म्हणालो.

वाटेत कुणीतरी विचारलंच, कुठला वीर? लढाईत पडलेला, मी सांगितलं. मला नाचता येत नाही, पण हलगीपुढे ते कुणी बघत नाही. नदीवर पायऱ्या उतरलो, फडकं सोडलं आणि टाक पाण्यात धरला. एवढा हलका असेल असं वाटलं नव्हतं. काका काठावरून ओरडत होते, झालं, झालं, काढ आता बाहेर. मी लगेच काढला नाही.