चेंडू थांबवणारी मुलगी

फॉरवर्ड कशी ओळखायची हे मला कुणी शिकवायला नको. राज्याच्या हॉकी संघात मी त्याच जागेवर बरीच वर्षं खेळले, गुडघा गेला तेव्हा थांबले, आणि आता डिचोलीतल्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. घर पेडण्याला. रोज स्कूटरवरून जा-ये, आणि वाटेत कुणी उगाच हॉर्न वाजवला तर थांबून त्याला दोन शब्द ऐकवल्याशिवाय पुढे जात नाही. स्वभावाला औषध नाही.

गेल्या वर्षी एका व्यावसायिक महिला संघाची माणसं शाळेत आली. त्यांच्या ज्युनिअर फळीसाठी दोन फॉरवर्ड हव्या होत्या. डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांतल्या मुली आधी मी बघायच्या, प्रत्येकीचा फॉर्म भरायचा, आणि मग त्यांचे प्रशिक्षक कृत्रिम गवताच्या टर्फवर चाचणी घेणार, असं ठरलं. आपल्याला कुणीतरी विचारलं म्हणून मी जरा फुगलेही, खोटं कशाला बोलू?

फॉर्मवर वेग, उंची, फटका, वळणं असे रकाने होते आणि शेवटी शेऱ्याला दोन ओळी. दहापैकी गुण देता देता माझी पेनं संपली, पण एका मुलीचा फॉर्म भरताना विचार करावा लागला नाही. ती नार्व्याची. बाप सावंतवाडीकडून आलेला, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. घरात ठरून गेलेलं होतं, संघाने घेतलं तर हॉकी, नाहीतर बारावी झाली की औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. तिच्याबरोबरच्या तिघी तशाच गेल्या होत्या.

आमचं मैदान म्हणजे जांभ्या दगडाची लाल खडी. चेंडू सरळ येतोय म्हणावं तर शेवटच्या हातभर अंतरात उसळून नडगीवर बसतो. ही मुलगी चेंडू आला की स्टिक आडवी टाकून तो जागच्या जागी थोपवायची, मान वर करून गोल बघायची आणि मगच निघायची. सबंध हंगामात तिच्या हातून चेंडू निसटलेला मी पाहिला नाही. म्हणून शेऱ्यात मी मोठ्या कौतुकाने लिहिलं, ‘चेंडू आधी पूर्ण थांबवते, मग खेळते.’

चाचणी म्हापशाकडच्या टर्फवर झाली. नार्व्याच्या पोरीने टर्फवर त्या दिवशी पहिल्यांदा पाय ठेवला. पाणी मारलेल्या हिरव्या गालिच्यावर चेंडू नुसता घसरत होता. बाकीच्या मुली पळता पळताच तो स्टिकवर घेत होत्या आणि ही सवयीने थांबवत होती. तेवढ्यात बचाववाली अंगावर यायची. तरीही तिने दोन गोल केले. अर्ध्या तासात शिट्टी वाजली.

आठवड्याने यादी आली. तिचं नाव नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संघाची माणसं अजून म्हापशालाच हॉटेलात होती, तिथे जाऊन मी त्या प्रशिक्षकाला गाठलं. पोरगेलासा, पुण्याकडचा, बोलायला गोड. म्हणाला, “मॅडम, चेंडू घेतानाचा तिचा पहिला स्पर्श संथ आहे. आमच्या पातळीवर चालणार नाही.”

“अहो, ती आयुष्यात पहिल्यांदा टर्फवर उतरली! पंधरा दिवस द्या तिला.”

तो हसला. “नाचता येईना अंगण वाकडं, असं सगळेच म्हणतात.”

“आमचं अंगण खरंच वाकडं आहे!” मी इतकी ओरडले की काउंटरवरच्या मुलीने वळून पाहिलं. “एकदा या आणि उभे राहा तिथे. नडगीवर चेंडू बसला की कळेल तुम्हाला स्पर्श काय असतो ते.”

त्याने शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझाच फॉर्म, माझंच अक्षर. “स्थानिक निरीक्षकांनीही हेच नोंदवलंय. मॅडम, हा शेरा तुमचाच ना?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी ते का लिहिलं, कशासाठी लिहिलं, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि यादी पुढे गेली आहे म्हणाला. कागदावर काय आहे ते त्याने वाचलं होतं, मैदान कुठलं ते विचारावं असं त्याला वाटलंच नव्हतं. आणि मलाही ते फॉर्मवर लिहावंसं वाटलं नव्हतं. त्याच्यावर जितकी चिडले होते, त्याहून जास्त स्वतःवर चिडले.

दुसऱ्या दिवशी मी नार्व्याला गेले. फोनवर सांगून सुटका करून घेणं मला पटेना. आईने “चाय घेवा, टीचर” म्हणत कप पुढे ठेवला आणि आत गेली. मुलगी समोर उभी राहिली.

“टीचर, मी खंय चुकलंय?”

मी सगळं सांगितलं. माझा शेराही सांगितला. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“पण चेंडू थांबवूक तर तुमीच शिकयलात,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. “मगे आता थांबवू की नको?”

शनिवारी आमचा सामना होता, त्याच लाल खडीवर. थांबव म्हणावं तर तिला पुढे कुणी घेणार नाही, थांबवू नको म्हणावं तर पहिल्याच चेंडूला नडगी फुटेल.

“शनिवारी थांबव,” मी म्हटलं. तिने मान हलवली, आणि माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.