पावलांसकट फोटो

तमाम जनतेस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, वर्ध्यात कॅमेरा माणसाची पावले टिपण्यासाठी विकत मिळत असे. आमच्या हस्तकला समितीने मला बांबूकामाच्या फोटोंसाठी कॅमेरा निवडायला धाडले होते. वीण दिसली तरच माल दिल्लीच्या प्रदर्शनात जाणार होता. सोबत समुद्रपूरची एक बुरडीण आपली टोपली घेऊन आली होती. तिचे नाव मला कधीच कळले नाही. टोपलीच्या काठावर तिचा अंगठा सारखा फिरत असे.

"जवळून वीण टिपायची आहे," मी दुकानदाराला म्हणालो.

त्याने पेटीचा कॅमेरा पुढे केला. "सहा फूट मागं सरका. माणूस पावलांसकट आला पायजे. अर्धा फोटो अशुभ असते."

"माणूस कोणाला हवाय?"

"मंग बाईले टोपली डोक्यावर घेऊ द्या, शोभून दिसन."

माझे टाळके सडकले, पण माझ्याआधी तीच कडाडली, "दुरून तं साऱ्याच टोपल्या सारख्या दिसते, शेठजी. मंग म्या बोटं काऊन चिरून घेतले?"